आकिको: एका जपानी नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकणारे विद्यार्थी, जपानी कंपन्यांशी रोज ईमेलवर बोलणारी मंडळी, मालिका बघून कुतूहल वाढलेले लोक आणि मुलीसाठी नाव शोधणारे आईबाप या सगळ्यांकडून आकिको या नावाबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कांजी, म्हणजे चीनमधून जपानात गेलेली अक्षरं, इथे छापलेली नाहीत. जपानी माणसं फोनवर अक्षराची ओळख करून देतात तशी ती शब्दांत सांगितली आहेत.

१. आकिको या नावाचा अर्थ काय?

नुसतं ऐकून सांगता येत नाही. हे टाळाटाळीचं उत्तर नाही, खरंच येत नाही. मराठीत 'ज्योती' म्हटलं की लिहायची रीत एक आणि अर्थही एक. जपानीत 'आकि' हा नुसता ध्वनी आहे. तो लिहायला डझनभर तरी कांजी वापरात आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. आईवडिलांनी जन्मनोंदणीच्या अर्जावर जी कांजी लिहिली, तिचा अर्थ तो नावाचा अर्थ.

ढोबळमानानं दोन घराणी आहेत. मोठं घराणं 'उजळ, स्वच्छ, उघड दिसणारं' या अर्थाचं. दुसरं 'शरद ऋतू'चं, कारण जपानीत शरदालाही 'आकि'च म्हणतात. बाळांच्या नावांच्या साइटवर 'आकिको म्हणजे तेजस्वी मूल' असं एका ओळीत ठोकून दिलेलं असतं. ते एखाद्या आकिकोपुरतं खरं असेल, सगळ्यांपुरतं नाही.

२. शेवटचं 'को' म्हणजे मूल ना? मग सत्तरीच्या बाईच्या नावात मूल कशाला?

अक्षराचा अर्थ मूल हे खरं. पण जपानी कानाला तिथे मूल ऐकू येत नाही, बाईचं नाव ऐकू येतं. सावित्रीबाईतल्या 'बाई'कडे आपण जितकं लक्ष देतो, तितकंच.

सुरुवातीला हा राजघराण्याचा आणि दरबारी स्त्रियांचा मान होता. सम्राट सागा (राज्यकाल ८०९ ते ८२३) यांच्या मुलींपासून राजकन्यांच्या नावांत हे अक्षर रूढ झालं. सामान्य घरातल्या बायकांची नावं त्यानंतर कितीतरी शतकं आखूडच राहिली: हारु, उमे, आकि, आणि हाक मारताना नावाआधी आदराचा 'ओ'. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, 'को' हळूहळू सगळीकडे पसरलं. नोंदवहीत नुसतं 'आकि' असलेल्या कित्येक जणी पत्राखाली सही मात्र 'आकिको' अशी करत. शोवा काळाच्या (१९२६ ते १९८९) पहिल्या अर्ध्यात तर मुलीचं नाव म्हणजे 'को' हवंच अशी स्थिती होती. १९७० च्या दशकानंतर ही लाट ओसरली आणि आज नवजात मुलींच्या लोकप्रिय नावांत 'को' शोधावं लागतं.

३. आकिको कोणकोणत्या कांजींनी लिहितात? ओळखायच्या कशा?

शेवटचं 'को' बहुतेक वेळा तेच असतं, तीन रेघांचं. खेळ सगळा 'आकि'चा.

सर्वांत सरळ रूप म्हणजे डावीकडे सूर्य आणि उजवीकडे चंद्र असलेली कांजी. 'आकारुइ', म्हणजे उजेड असलेला, या शब्दातली. माजी सम्राट आकिहितो यांच्या नावात हीच आहे, आणि व्हँकुव्हर (२०१०) व सोची (२०१४) या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये आठवी आलेली फिगर स्केटर सुझुकी आकिको हिच्याही नावात हीच.

शरदाची कांजी डावीकडे धान्याचं रोप आणि उजवीकडे अग्नी अशी असते.

मग येतो एक चौकडा, ज्यात विद्यार्थी हमखास गोंधळतात. बहुतेक कांजी दोन तऱ्हांनी वाचतात: चिनी वळणानं, म्हणजे चीनमधून आलेल्या उच्चारानं, आणि जपानी वळणानं, म्हणजे मूळ जपानी शब्दानं. या चार कांजींचा चिनी वळणाचा उच्चार एकच, 'शो', आणि जपानी वळणानं चारही 'आकि' म्हणून वाचल्या जातात. त्यामुळे फोनवर 'शो' म्हणून भागत नाही, कुठला शो ते सांगावं लागतं. 'शोवा नो शो' म्हणजे शोवा या कालखंडाच्या नावातलं, सूर्याच्या शेजारी 'बोलावणे'ची खूण असलेलं. 'बुन्शो नो शो' म्हणजे 'लेखन' या शब्दातलं. 'ह्योशो नो शो' म्हणजे 'जाहीर सत्कार' या शब्दातलं. ते दिसतं आधीच्यासारखंच, फक्त उजवीकडे तीन तिरक्या रेघा जास्त. आणि चौथं 'केश्शो नो शो', स्फटिकातलं. हे सांगायला आणखी सोपी रीत आहे: 'सूर्य तीनदा लिहा.' वर एक, खाली दोन. मात्र या कांजीच्या मुळाशी सूर्य नाहीत. ते चमकणाऱ्या ताऱ्यांचं चित्र होतं. माझ्या मते या नावाचं सर्वांत देखणं रूप हेच.

आणखी काही भेटतात. 'आकात्सुकि', म्हणजे पहाट, हा शब्द ज्या कांजीनं लिहितात ती. 'केन्बिक्यो नो केन', म्हणजे सूक्ष्मदर्शक या शब्दातली, 'उघड करून दाखवणे' या अर्थाची; गायिका आणि पियानोवादक यानो आकिको यांचं नाव हिनं लिहितात. मिकासा घराण्याच्या राजकन्या आकिको (जन्म १९८१, ऑक्सफर्डच्या डॉक्टरेट) यांच्या नावात दोन झाडं आणि बाजूला तीन तिरक्या रेघा अशी दुर्मीळ कांजी आहे. बाहेरचा डौल आणि आतला कस यांचा मेळ, असा तिचा अर्थ. तो कन्फ्युशियसच्या वचनसंग्रहातून आलेला.

शेवटी 'आ' आणि 'कि' वेगवेगळ्या कांजींनी लिहून एकूण तीन अक्षरं करणारी रूपं. यात 'आ'साठी बहुधा आशिया खंडाच्या जुन्या लेखनातली कांजी घेतात आणि 'कि'साठी आशा, इतिवृत्त किंवा वृक्ष या अर्थाची. इथे 'आ'चा अर्थ लावत बसू नये, ती आवाजासाठी घेतलेली असते. 'कि' मात्र आईबाप अर्थ बघून निवडतात.

४. कांजीशिवाय लिहिलेलं आकिको चालतं का?

चालतं. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिपी दोन्ही नावांसाठी मान्य आहेत. तान्का, म्हणजे छोट्या जपानी कविता, लिहिणाऱ्या बाबा आकिको यांच्या नावातलं 'आकि' हिरागानात आहे. गायिका वादा आकिको 'आकि' काताकानात लिहितात आणि पुढचं 'को' कांजीत. अशा नावाचा अर्थ विचारला तर उत्तर 'ठरवलेला नाही' एवढंच, आणि त्यात काही अपुरं नाही.

५. मराठीत अकिको लिहावं की आकिको? उच्चार नेमका कसा?

पहिला स्वर वेळेच्या मापानं ऱ्हस्व आहे, पण तोंड आपल्या 'आ'इतकं उघडतं. मराठीत ऱ्हस्व 'आ' नाही, म्हणून गोची होते. 'अकिरा कुरोसावा' हे रूप छापून छापून रुळलं, तसं 'अकिको'ही दिसतं. मी 'आकिको' लिहितो, कारण मराठी वाचक 'अ' वाचताना तोंड मिटूनच घेतो. फक्त तो 'आ' लांबवायचा नाही. जपानीत स्वराची लांबी अर्थ बदलते: 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि तोच 'बा' लांबवला की आजी.

दुसरी गोष्ट 'कि'ची. दोन 'क'च्या मध्ये सापडल्यामुळे टोकियोच्या बोलीत त्याचा स्वर जवळजवळ विरून जातो, नुसती कुजबुज उरते. ऐकणाऱ्याला 'आक्को'सारखं काहीतरी ऐकू येतं. ओसाका-क्योतोकडे तो स्वर जास्त स्पष्ट लावतात. सूर पहिल्या अक्षरावर चढलेला असतो आणि पुढे उतरतो. आपल्याकडचे लोक 'कि'वर जोर देऊन 'अकीऽको' म्हणतात, तेवढं टाळलं तरी पुष्कळ.

६. आकिकोला सगळे 'आक्को' म्हणतात. ते वेगळं नाव आहे का?

लाडाचं नाव. वादा आकिको तर देशभर 'आक्को' म्हणूनच ओळखल्या जातात. पण आत्सुको नावाच्या बाईलाही आक्को म्हणतात, तेव्हा उलट दिशेनं अंदाज बांधू नका. कामाच्या ठिकाणी हे नाव तुमच्यासाठी नाही. तिथे आडनाव आणि त्यापुढे आदराचं 'सान'.

७. व्हिजिटिंग कार्डावर सूर्य-चंद्राची कांजी आणि 'को' आहे. आकिकोच म्हणायचं ना?

बहुतेक वेळा हो, पण पैज लावू नका. त्याच दोन अक्षरांचं नाव मेइको किंवा हारुकोही असू शकतं. प्रश्न ३ मधला चौकडा आठवा: त्यातली कुठलीही कांजी 'शोको' अशी वाचता येते. लेखनाची कांजी असेल तर आकिको, शोको आणि फुमिको असे तीन पर्याय झाले. दोन सूर्य एकावर एक दिसणारी कांजी असेल तर पहिला अंदाज मासाको.

कार्डाची मागची बाजू बघा, तिथे रोमन लिपीत नाव असतं. नसेल तर विचारा: 'नान् तो ओयोमि शिमास का?' म्हणजे 'कसं वाचायचं?' यात संकोच वाटायचं कारण नाही. जपानी लोक एकमेकांना हा प्रश्न आयुष्यभर विचारतात. चुकीचं नाव घेऊन तासभर मीटिंग चालवण्यापेक्षा सुरुवातीला विचारलेलं केव्हाही चांगलं.

८. ईमेलमध्ये रोमन लिपीतलं नाव आहे. त्यावरून कांजी शोधता येईल?

नाही. रोमन लिपीत सगळ्या आकिको सारख्याच दिसतात. ईमेलखालची जपानी सही बघा.

९. पुस्तकात सम्राज्ञी 'शोशी' असं वाचलं आणि मालिकेत तिलाच 'आकिको' म्हणत होते. कोण बरोबर?

दोघंही. हेइआन काळातल्या (७९४ ते ११८५) दरबारी स्त्रियांच्या नावांच्या कांजी कागदपत्रांत मिळतात, पण त्या कशा उच्चारल्या जात हे बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं नाही. म्हणून अभ्यासक चिनी वळणाचा उच्चार वापरतात. तुम्ही वाचलेली शोशी (९८८ ते १०७४) ही सम्राट इचिजोची राणी. लेखिका मुरासाकी शिकिबू तिच्या पदरी होती. तिच्या नावात 'जाहीर सत्कार'वाली कांजी आहे, ती जपानी वळणानं वाचली की झालं आकिको.

गंमत पुढेच आहे. शोशीचा बाप फुजिवारा नो मिचिनागा. त्याची थोरली बहीण सेन्शी. त्याची एक बायको मिनामोतो घराण्यातली, नावात सूर्य-चंद्राची कांजी. जपानी वळणानं वाचलं तर बहीण आकिको, बायको आकिको आणि मुलगीही आकिको! २०२४ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षभर चाललेल्या ऐतिहासिक मालिकेनं हीच वाचनं घेतली, त्यामुळे परदेशी प्रेक्षकांची पार दांडी उडाली. जपानी प्रेक्षकाला अडचण नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे तीन वेगळ्या कांजी होत्या.

नवव्या शतकातल्या सम्राट सेइवाच्या आईचं नावही सूर्य-चंद्राच्या कांजीनंच लिहितात, पण ते पुस्तकांत 'आकिराकेइको' असं लांबलचक दिलेलं आढळतं. ती छापण्यातली चूक नाही.

१०. कवयित्री योसानो आकिको यांचं हे खरं नाव नव्हतं म्हणतात. खरं आहे?

हो, ते टोपणनाव. १८७८ मध्ये साकाई शहरात एका मिठाईवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव होतं 'शो', माहेरचं आडनाव 'हो'. नोंदवहीत हे 'शो' एक कांजी आणि दोन हिरागाना अक्षरं अशा जुन्या धाटणीत होतं. लिहायला लागल्यावर त्यांनी 'शो' हाच उच्चार असलेली तीन सूर्यांची कांजी घेतली, तिला 'को' जोडलं आणि ते सगळं जपानी वळणानं वाचलं. आकिको! जन्मनाव अक्षरात तसंच राहिलं आणि कानाला मात्र नवं नाव आलं. या एका उदाहरणातून कांजी-नावांचं तंत्र जितकं कळतं, तितकं व्याकरणाच्या धड्यातून कळत नाही.

११. कांजीवरून बाईचं वय ओळखता येतं का?

एका कांजीबाबत थोडंफार. २५ डिसेंबर १९२६ रोजी सम्राट बदलले आणि शोवा कालखंड सुरू झाला. हे नाव एका प्राचीन चिनी ग्रंथातल्या वचनातून घेतलं होतं: प्रजा उजळावी, राष्ट्रांत सलोखा नांदावा. त्यातली 'शो' ही कांजी तोवर माणसांच्या नावांत क्वचितच दिसे. पुढच्या दोन-चार वर्षांत तिचा पूर आला. तिनं लिहिलेल्या आकिको मुलींच्या लोकप्रिय नावांच्या यादीत थेट वर गेल्या. शोवातल्या 'वा'ची कांजी 'काझु' अशी वाचून झालेल्या काझुको तर त्याहून वर. म्हणून 'शोवा'ची कांजी आणि 'को' दिसलं तर १९२० च्या दशकाची अखेर हा पहिला अंदाज.

पण ही कांजी पुढेही वापरात राहिली, तेव्हा अंदाज तो अंदाजच. दिवंगत पंतप्रधान आबे शिन्झो यांच्या पत्नी आकिए यांच्या नावात तीच आहे आणि त्यांचा जन्म १९६२ चा.

१२. आकिको पुरुषाचं नाव असू शकतं का?

आज नाही. पण 'को' म्हणजे बाईच, हा नियम इतिहासात मागे नेऊ नका. ६०७ मध्ये सुई राजवटीच्या चीनला दूत म्हणून गेलेला ओनो नो इमोको हा पुरुष होता, आणि त्याच काळातला बलाढ्य सरदार सोगा नो उमाको हाही. पुरुषांची आजची जवळची नावं आकिहिको, आकिओ, आकिरा अशी. यांत आकिरा क्वचित मुलीचंही असतं.

१३. आईबाप वाटेल ती कांजी वापरू शकतात का? आणि वाटेल तो उच्चार?

कांजीवर बंधन आधीपासून आहे. जन्मनोंदणी १४ दिवसांत करायची आणि नावात सर्वसाधारण वापराच्या २१३६ कांजी, केवळ नावांसाठी मान्य केलेल्या ८६३ कांजी, हिरागाना आणि काताकाना एवढंच चालतं. रोमन अक्षरं नाहीत, देवनागरीचा तर प्रश्नच नाही. प्रश्न ३ मधल्या बहुतेक कांजी पहिल्या यादीत आहेत. राजकन्या आकिको यांची दुसऱ्या यादीत.

उच्चाराचं आश्चर्य असं की कोसेकी, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंदवही, हिच्यात तो नोंदलेलाच नसे. आकिको की शोको, हे त्या नोंदीवरून कळायचं नाही. २६ मे २०२५ पासून कायदा बदलला. आता उच्चार काताकानात नोंदवला जातो आणि तो त्या कांजीचा सर्वमान्य म्हणता येईल असा असावा लागतो. आधीच्या लोकांना पत्रानं उच्चार कळवून, तो चुकीचा असल्यास दुरुस्तीसाठी २५ मे २०२६ पर्यंतची मुदत ठेवली गेली. उंच या अर्थाची कांजी लिहून ती 'हिकुशी', म्हणजे ठेंगणा, अशी वाचा म्हणणं आता चालणार नाही. आकिकोंना याची झळ नाही, त्यांची वाचनं जुनी आणि रुळलेली आहेत.

१४. शरदाची कांजी अशुभ मानतात असं ऐकलं. खरं का?

अशुभ नाही. या समजाचं मूळ जुन्या कवितेत असावं. 'आकि' म्हणजे शरद आणि 'आकि' म्हणजे कंटाळा, मन विटणं. 'कोकिनशू' (९०५ च्या सुमारास) या काव्यसंग्रहापासून कवींनी या श्लेषावर प्रेमभंगाच्या कविता रचल्या: शरद आला आणि त्याला माझा वीट आला. बोलताना मात्र दोन शब्दांचा सूर वेगळा लागतो आणि लिहिताना कांजी वेगळी. शरदात जन्मलेल्या मुलीचं नाव ऐकून कुणाला विटलेला प्रियकर आठवत नाही.

१५. जपानी लोक नावाच्या रेघा मोजतात म्हणे. आकिकोला किती?

पुन्हा कांजीवर. सूर्य-चंद्रवाली ८ रेघांची, तीन सूर्यांची १२, सूक्ष्मदर्शकातली १८. प्रत्येकीत 'को'च्या ३ मिळवा. भविष्य बघणारे त्यात आडनावाच्या रेघाही धरतात. शिवाय जुनं रूप मोजायचं की नवं, यावर त्यांचंच एकमत नाही: सूक्ष्मदर्शकातल्या कांजीचं जुनं रूप २३ रेघांचं आहे, म्हणजे हिशोबच फिरला. आपल्याकडे पत्रिकेवर जितका विश्वास ज्याचा त्याचा, तसाच तिथे.

१६. आम्ही दोघंही भारतीय, मुलगी जपानमध्ये जन्मली. तिचं नाव आकिको ठेवून कांजी मिळेल का?

नाव ठेवता येईल, सरकारी कांजी नाही. कोसेकी फक्त जपानी नागरिकांची. परदेशी पालकांनाही स्थानिक कचेरीत जन्म नोंदवावा लागतोच, पण तिथे नाव काताकानात लिहितात आणि निवासी कार्डावर पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत येतं. घरगुती वापरासाठी कांजी निवडायला कुणाची ना नाही. पालकांपैकी एक जण जपानी नागरिक असेल तर मुलीची नोंद कोसेकीत होते आणि मग प्रश्न १३ चे नियम लागू.

१७. जपानी मैत्रिणीसाठी भेटवस्तूवर तिचं नाव कोरायचं आहे. ती आकिको आहे, पण कांजी माहीत नाही. भाषांतर ॲपनं दिलेली वापरू का?

नको. ॲप सर्वांत जास्त आढळणारं रूप देतं, बहुधा सूर्य-चंद्रवालं. तुमची मैत्रीण तीन सूर्यांची असेल तर तुम्ही दुसऱ्याच बाईचं नाव कोरलंत असं होईल. ती हसून घेईल, पण वस्तू कपाटात जाईल. तिच्या जुन्या पत्रावर किंवा पार्सलच्या चिठ्ठीवर नाव सापडतंय का बघा. नाहीच सापडलं तर हिरागानात कोरा: तीनच अक्षरं, वळणदार दिसतात आणि कुठल्याही आकिकोला चुकत नाहीत.